हात न लावता काढलेला नारळ

आमच्या भाट्याच्या घरात एकही वस्तू एका जागी राहत नसे. वस्तू कमी आणि कामं जास्त, त्यामुळे प्रत्येकीला दिवसभर पळावं लागे. सकाळी मासळी धुतलेलं घमेलं दुपारी अंगणात सुकटीवर पालथं घातलेलं दिसे, कळशी विहिरीवर गेली की तिथून परस्पर शेजारी जाई, आणि विळी कुणाच्या पायाखाली आहे हे शोधायला हाक मारावी लागे. इतकी वर्षं मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण बारावीच्या त्या वर्षी माझ्या डोक्यात स्थिरचित्राचं खूळ शिरलं, आणि मग घरातली प्रत्येक हलणारी वस्तू मला शत्रूसारखी वाटायला लागली. स्थिरचित्र म्हणजे चार वस्तू मांडायच्या, समोर बसायचं आणि दिसतं तसं रंगवायचं. ऐकायला सोपं आहे. आमच्या घरात त्यातलं 'मांडायच्या' एवढंच जमत होतं.

खूळ शिरवलं ते चित्रकलेच्या सरांनी. सर कोल्हापूरकडचे, रत्नागिरीच्या घामाला वर्षभर नावं ठेवणारे, पण पोराच्या हातात काही दिसलं की त्याच्या मागे हात धुऊन लागणारे. त्यांनी सांगितलं की जूनमध्ये कोल्हापूरच्या चित्रकला महाविद्यालयात मुलाखत असते, पेन्सिलची कामं तुझ्याकडे आहेत, आता एक तैलचित्र पाहिजे. "फोटोवरनं करू नकोस. त्यांना लगेच कळतंय. वस्तू समोर ठेव आणि गप बसून बघ." त्यांनी अर्ध्या पिळलेल्या रंगांच्या ट्यूब दिल्या, दोन ब्रश दिले, पांढरा हात मारलेला हार्डबोर्डचा तुकडा दिला आणि म्हणाले, तेल तेवढं तू बघ.

मी घरी येऊन बाबांना म्हटलं, चित्राला तेल पाहिजे. बाबांची एक छोटी होडी होती आणि तिची ते आमच्यापेक्षा जास्त काळजी घेत. "तेलच ना? देतो की," म्हणाले, आणि होडीच्या फळ्यांना चोळायचं मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल त्यांनी मला वाटीभर काढून दिलं. लाकडाला चालतं ते हार्डबोर्डला का चालू नये, असा आम्हा दोघांचाही हिशेब. मी दोन बांगडे, एक कांदा आणि पितळी वाटी मांडून चित्राला बसले. कांदा त्याच दुपारी तिखल्याच्या कालवणात गेला, बांगडेही गेले, तरी आठवणीने मी ते पुरं केलं. चित्राला जो वास सुटला तो माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून शेजाऱ्यांकडे गेला. रंग वाळायचं नाव घेईना. आणि एका सकाळी बघते तर मांजराने डावीकडचा बांगडा शेपटीपासून डोक्यापर्यंत चाटून साफ केलेला. बाबा चित्र हातात धरून म्हणाले, "मांजराला पटलां म्हंजे बांगडो बरो जमलोय." मी रडत होते. सरांना कळलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. मग रंगाच्या दुकानातून बेलतेल आण म्हणाले, म्हणजे जवसाचं. आज कुणी तरुण चित्रकार माझ्याकडे माध्यमांच्या गप्पा करायला लागला की मला ते मांजर आठवतं.

याच दिवसांत घरावर दादाची काळजी आली. दादा माझ्याहून मोठा, मालवाहू जहाजावर खलाशी. त्याची पत्रं यायची थांबली होती. मग संगमेश्वरकडचा एक मुलगा आमचं घर विचारत आला. तो दादाच्याच जहाजावर होता, आजारी पडला म्हणून त्याला उतरवलं होतं. ओटीवर बसून, चहाच्या कपाकडे बघत त्याने सांगितलं की मालक पळालाय, जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून पडलंय, खलाशांचे कागद अडकलेत, पोरांना किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत. खायला काय देतात, असं आईने विचारलं. भात देतात, म्हणाला. सोबत काय, हे तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने नुसतं 'भात' एवढंच सांगितलं. त्या दिवशी आईने बाजारात मासळीची पाटी नेली नाही. एरवी ती तापातसुद्धा भाट्याच्या पुलावरून बाजार गाठणारी बाई.

दुसऱ्या दिवशी गुरवांना बोलावून गाऱ्हाणं घातलं. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आईने मूठभर तांदळावर तांब्याचा तांब्या ठेवला, त्यात पाणी, वर शेंडीचा नारळ, नारळाला हळदकुंकू. पोरगा सुखरूप घरात आला की हाच नारळ देवीला वाढवायचा, तोवर तो हलवायचा नाही. एवढं आमच्याकडे सगळेच करतात. पण आईने हात जोडले असताना स्वतःचं एक वाक्य वर घातलं, आणि ते माझ्या गळ्यात आलं. "घरातला एक भायेर अडकलाय. तो उंबऱ्याच्या आत येईपर्यंत दुसरा कोण भायेर ऱ्हायला जायचा नाय. नारळ हलंल तेव्हाच माणूस हलंल." मी तिथल्या तिथे विचारलं, मग बाबा रोज जातात ते? "दर्यावर जाणां म्हंजे भायेर जाणां नाय. तां कामाला जाणां," आई म्हणाली. गुरव सुपारी कातरत बसले, मध्ये पडले नाहीत. देवीसमोर बोललेलं, त्यामुळे बाबांनाही ते मोडता येईना. कोल्हापूर तिथेच संपलं असं मला वाटलं. दादाची काळजी मलाही होती, खूप होती, पण त्या क्षणी मला त्याचा रागही आला, आणि ती दोन्ही एकाच पोटात कशी राहतात हे मला अजून नीट सांगता येत नाही.

सर म्हणाले, मुलाखतीला जाणं न जाणं जूनमध्ये बघू, चित्र थांबवू नकोस. मग मी पुन्हा वस्तूंच्या मागे लागले. कंदील मांडला, तर वीज गेली आणि कंदील उचलला गेला. फणस मांडला, तर तो पिकला. आईचं एकच, "भरल्या घरात वस्तू अडवून बसतंस, आम्ही जेवायचां कशात?" शेवटी एका दुपारी जेवून मी भिंतीला टेकून बसले होते, कुळथाच्या पिठीने डोळे जड झाले होते, आणि कौलांत बसवलेल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन सरकत सरकत कोनाड्यापाशी आला. आधी तांब्याची कड पेटली, मग नारळाचा गाल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात न हलणारी वस्तू एकच आहे, आणि तिला कुणी जेवणासाठी उचलून नेणार नाही.

आईला विचारलं. ती पाटी उतरवून पाय धूत होती. बराच वेळ पाय धूत राहिली, मग म्हणाली, "बघायला पैसे पडत नाय. बघ. हात लावलंस तर हात मोडीन."

अशी मी बसले. चैत्र संपून उकाडा अंगाला चिकटायला लागला होता. समोरच्या सुरूंच्या बनातूनही वारा येत नव्हता. ऊन कोनाड्यात असे तेवढाच वेळ माझा, बाकी दिवसभर आठवत राहायचं. नारळ काढणं म्हणजे तपकिरी गोळा काढणं नव्हे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. करवंटीवर तंतू असतात, त्यांना दिशा असते, आणि उन्हात त्यातले काही सोनेरी होतात तर काही चक्क जांभळे दिसतात. खरी पंचाईत तांब्याने केली. आई भांडी कोकमाच्या सालांनी घासून आरशासारखी ठेवी, पण हा तांब्या हलवायचा नाही म्हणजे घासायचाही नाही. तो रोज थोडा काळवंडत गेला. मी कालचा लाल रंग लावावा तर आज तिथे तपकिरी, आणि तपकिरी लावेपर्यंत काठाशी हिरवी झाक. आईला त्या तांब्याकडे बघवत नसे. आल्यागेल्याला ती आपण होऊन सांगे, "नवसाचा हाय म्हणून तसा, नायतर आमच्याकडे असां नसतां." आता पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि त्यावरून महिनाभर निवांत रंगवतात. करोत बापडी. पण कुठल्या दिवसाचा तांब्या काढायचा, हा प्रश्न त्यांना पडत नाही, आणि मला तर तो आजही प्रत्येक चित्राला पडतो.

मे महिन्यात सर घरी आले. आईने त्यांना आंबे कापून दिले. त्यांनी चित्र बघितलं, कोनाडा बघितला, आणि हात पुसत म्हणाले, "चांगलं चाललंय. पण नारळाचं तोंड अंधारात हाय. जरा फिरवून घे की उजेडाकडं."

"नाय फिरायचा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अहो मावशी, एवढंसं. बोटभर."

"बोटभर फिरवलात तरी फिरलाच ना?" आई बाहेर आली. "माझा पोरगा तिकडं अडकलाय, सर. तुमच्या उजेडासाठी मी नारळ हलवू?"

आंब्याची फोड हातात धरून सर एकदा कोनाड्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तो फिरत नसेल तर तू फीर. तिकडं जाऊन बस."

तिकडं म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात, जिथून सगळं घर जा-ये करतं. मी तिथे बस्तान मांडलं, आणि अर्धं झालेलं चित्र पुन्हा पहिल्यापासून रंगवलं. मला ओलांडून आई तांदूळ घेऊन जाई, बाबा तंबाखू शोधत, आणि प्रत्येकजण माझ्या खांद्यावरून डोकावून काहीतरी बोले. आई मात्र चित्राकडे बघत नसे. ती सकाळी कोनाड्यापुढे उभी राही, डोळे मिटे, तांब्यातलं आटलेलं पाणी भरायला नारळाच्या शेंडीवरूनच हळू धार सोडी म्हणजे तो उचलावा लागणार नाही, नवं कुंकू लावी आणि पाटी उचले.

मेच्या शेवटी मला शेंडीच्या मुळाशी एक फिकट ठिपका दिसला. ऊन तिथे पडत असेल असं समजून मी तो पांढऱ्यात थोडा पिवळा मिसळून लावला. दुसऱ्या दिवशी ढग होते, ऊन नव्हतं, तरी ठिपका होता. मी काही अर्थ लावला नाही. मला समोर बघून दिसेल तसं रंगवायची इतकी सवय झाली होती की दिसलं ते लावलं, आणखी वाढलं तेवढं पुन्हा लावलं. आता त्याला टोक आलं होतं.

त्या संध्याकाळी आई बाजारातून आली, मला ओलांडून आत जाताना तिचा पाय थांबला. पहिल्यांदाच तिने चित्राकडे सरळ बघितलं.

"ह्यां काय टाकलंस वर?"

"दिसतंय तां."

"नाय. असां काय नाय तिथं."

"आई, मी रोज बघतेय. तू जाऊन बघ ना."

ती पाटी न उतरवताच कोनाड्यापाशी गेली. डोळे मिटले नाहीत. शेंडी जराही न हलवता वाकून, एका डोळ्याने तिने बघितलं, मग पाटी खाली ठेवून पुन्हा बघितलं. नारळाला कोंब आला होता. महिना दीड महिना रोज त्याच्यापुढे उभी राहणारी बाई ती, आणि तिला तो माझ्या हार्डबोर्डवर आधी दिसला. ती तिथेच भिंतीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. दादाची बातमी आली त्या दिवशीही रडली नव्हती.

आनंद कमी आणि पेच जास्त होता. नारळ हलवायचा नाही, आणि कोंब तर कोनाड्यात जगणार नाही. बाबा म्हणाले, इथे शेजारी सरकार एवढं नारळाचं संशोधन केंद्र चालवतंय, रोपांना पाट्या लावतंय, आणि आपला बघा, विचारल्याशिवाय उगवला. आई हसली नाही. गुरव आले, बघून म्हणाले, "कोंब आला म्हंजे देवीनं मानून घेतला. आता ठेवशीत तर कुजंल. जमिनीत घाल."

"पण पोरगा कुठं आलाय?"

"तां मला काय विचारतंस बाय? मी फक्त नारळाचां सांगू शकतो."

दोन दिवस आईने भात करपवला, जो आमच्या घरात कधी करपत नाही. मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि तिच्या वाटेतून बाजूला राहिले. तिने नारळ हलवला तर आपण सुटू हे मला ठाऊक होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. म्हणून मी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून आली, नारळ दोन्ही हातांनी उचलला, परसात विहिरीच्या पाण्याच्या वाटेवर बाबांनी खणलेल्या खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. वर झावळ्यांची झापं उभी करून कुंपण केलं. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "हलला. देवीनं हलवला, मी नाय. आता तू पण हल."

मी तिला मिठी वगैरे मारली नाही. आमच्याकडे तसं नव्हतं. मी विहिरीवरून दोन कळश्या आणल्या आणि ती नको म्हणेपर्यंत आणत राहिले.

रिकामा कोनाडा तिला बघवेना, म्हणून मुलाखतीपर्यंत तिने चित्रच तिथे ठेवलं. तांब्या मात्र लगेच घासायला काढला. आणि एका सकाळी, हात जोडताना, सवयीने की मुद्दाम ते तिलाच ठाऊक, तिने चित्रातल्या नारळाला कुंकू लावलं. रंग ओला होता. बेलतेल घातलं तरी कोकणातल्या दमट हवेत तैलरंग लवकर वाळत नाही. कुंकू त्यात रुतून बसलं. मी किंचाळले. आई म्हणाली, "जरासां तर लावलां." कोल्हापूरला निघताना तिनेच ते चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं. मी विचारलं, आता हे हललं तर चालेल ना? "चित्र काय नारळ हाय? जा."

मुलाखतीला तीन गृहस्थ होते. मधल्याने चित्र खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं आणि नखाने तो लाल ठिपका टोकरला. हा लाल रंग उजेडाशी जुळत नाही, कुठून आणलास, म्हणाले. मी म्हटलं, तो मी नाही लावला, आईने लावला, आणि तो रंग नाही. मग सगळं सांगावं लागलं, मांजरासकट. ते इतके हसले की बाहेर बसलेली मुलं दाराशी आली. मला प्रवेश मिळाला. चित्राच्या जोरावर की मांजराच्या, हे मी कधी विचारलं नाही.

दादा माझ्या पहिल्या वर्षीच्या सुट्टीआधी परत आला. वाळला होता, आणि कितीतरी दिवस भाताबरोबर काहीतरी आहे ना हे ताट बघून खात्री करी. परसात झापांच्या कुंपणात काय लावलंय म्हणून त्याने विचारलं, तर आई म्हणाली, "तुझा नारळ." गुरव म्हणाले, पोरगा आला, आता नवस फेड, बाजारातला आणून वाढव. आईने ऐकलं नाही. तिचं म्हणणं, बोलले होते तो हा, आता हा जमिनीत आहे, तर त्याच्याच झाडाचा पहिला देईन. पण त्याला वर्षं लागतील, गुरव म्हणाले. "देवीला सांगितलंय मी. ती थांबते म्हणाली," असं आई इतक्या साधेपणाने म्हणाली की गुरवांनी सुपारी कातरायला घेतली. आणि देवी थांबली. दादाचं लग्न झालं, बाबांची होडी विकली गेली, मी शिकून कोल्हापुरातच शाळेत लागले, आणि आई दर पत्रात आधी झाडाचं लिहवून घेई, मग माणसांचं.

पहिला नारळ उतरवायचा तेव्हा तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं. सकाळी पोचले तर सगळे तयार. दादा नव्या सदऱ्यात, गुरव ओटीवर, देवळात जायला चपला घालून बाबा अंगणात. नारळ सोलून, शेंडी ठेवून, पाटावर मांडलेला. मी नमस्कार करायला वाकले तर आईने मला दंडाला धरून थांबवलं आणि माझ्या पिशवीकडे बोट केलं.

"कागद आणलायस ना? आधी काढून घे. मग फोडू."

गुरव म्हणाले, अगो, मुहूर्त? आई म्हणाली, इतकी वर्षं थांबली ती, अजून घटकाभर थांबेल. बाबांनी चपला काढल्या आणि पायरीवर बसले. दादाने नव्या सदऱ्याची बटणं सोडली. मी स्टूल ओढून बसले, पेन्सिल काढली आणि सवयीने, उजेड कुठून येतो ते बघत, स्वतःच सरकायला लागले.

"तू कशाला सरकतंस?" आई म्हणाली. "ह्याला हात लाव. फिरव तुला हवा तसा."

मी नारळ उचलला आणि खिडकीकडे थोडा फिरवून ठेवला.